खासगी बैठक कोणाची?

बालाघाटाच्या माथ्यावर, धाराशिव जिल्ह्याच्या कळंब तालुक्यात येरमाळा हे गाव आहे. गावाजवळच्या टेकडीवर येडेश्वरीचे स्थान असून चैत्री पौर्णिमेस तेथे फार मोठी यात्रा भरते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवीची पालखी टेकडीवरून खाली उतरते. ती चुन्याच्या रानात पोहोचली म्हणजे जमलेली सारी माणसे खाली वाकतात आणि मातीतून चुनखडीचे खडे वेचून देवीला वाहतात. देवीच्या नावाची कथा तिकडे अशी सांगतात, की सीतेच्या शोधात रानोमाळ फिरणाऱ्या रामाची परीक्षा पाहावी म्हणून पार्वतीने सीतेचे रूप घेतले आणि ती त्याच्या वाटेत उभी राहिली. रामाने तिला ओळखले. पण चारचौघांत तिचे सोंग त्याने उघडे पाडले नाही. आई म्हणून हाक मारली, आणि हा कसला वेडेपणा मांडलास, एवढेच म्हटले. तेव्हापासून ती येडाई झाली. तुळजापुराकडे हीच कथा तुकाईच्या नावाने ऐकावयास मिळते.

ही कथा मी लहानपणापासून ऐकत आलो. तिच्यातला प्रेक्षक मात्र मला अलीकडेच दिसला. तो दिसण्याचे निमित्त देवळात घडले नाही, देवळापासून जवळच, हमरस्त्याच्या कडेला घडले. सोलापूर–धुळे रस्त्यावर, येरमाळ्याजवळ चोराखळीच्या बाजूस, लोकनाट्य कला केंद्रे आहेत. दिवसा त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जाऊ नये इतकी ती साधी दिसतात. रात्री रंगीत दिवे लागले म्हणजे त्यांच्यापुढे मोटारी उभ्या राहू लागतात. संभावित घरांत त्यांचे नाव घेत नाहीत. वर्तमानपत्रांत घेतात, पण ते बहुधा गुन्ह्याच्या बातम्यांत. यात्रा आटोपून बार्शीकडे परतताना माझ्या एका वकील स्नेह्यांनी गाडी तिकडे वळवली. लावणीवर चार लेख लिहिलेल्या माणसाने लावणी तिच्या घरी जाऊन कधी ऐकलेली नाही, हे त्यांस हास्यास्पद वाटत होते. आणि ते तसे होतेही.

संगीत बारीची व्यवस्था ज्यांस ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. ढोलकीफडाचा तमाशा तंबू घेऊन गावोगाव फिरतो. त्यात गण, गवळण, बतावणी, वग असा मोठा संसार असतो, सोंगाड्या असतो, पुरुष नट असतात. संगीत बारीत यांतले बहुतेक काही नाही. ती एका जागी, थिएटरात, ठाण मांडून असते. एका थिएटरात अनेक पार्ट्या राहतात. पार्टी म्हणजे एक मालकीण, तिच्या नात्यातल्या अथवा तिने सांभाळलेल्या काही गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायका, पेटीवाला, तबलजी आणि ढोलकीवाला. रंगमंचावर एकेका पार्टीने आपल्या पाळीने यावयाचे. ही पाळी म्हणजेच बारी. पुढे बसलेल्या गिऱ्हाइकास जी पार्टी पसंत पडेल तिला तो आतल्या खोलीत बोलावतो, वेळेप्रमाणे पैसे ठरतात आणि दार लोटले जाते. पुण्याचे आर्यभूषण थिएटर, चौफुला, मोडनिंब, जामखेड ही या व्यवसायाची जुनी नावाजलेली ठाणी. आतल्या खोलीतल्या या मैफलीस खासगी बैठक म्हणतात.

हा ‘खासगी’ शब्द त्या रात्री माझ्या कानास प्रथमच टोचला. खासगी कोणाची? दार गिऱ्हाइकासाठी लोटलेले असते. तो कोण, कुठला, त्याच्या घरी कोण आहे, हे त्याला कोणी विचारीत नाही; त्याने दिलेले नाव खोटे असले तरी चालते. जिच्यासाठी तो आला तिचे नाव मात्र बाहेरच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेले असते. तिची जात सर्वांस ठाऊक, तिची आई काय करीत होती ते ठाऊक, तिच्या मुलांस बापाचे नाव आहे की नाही याची चर्चा पानाच्या ठेल्यावर होते. खोलीत दोन माणसे बसतात. त्यांतल्या एकाचे सारे झाकलेले, दुसरीचे सारे उघडे, आणि या मांडणीस आपण ‘खासगी’ म्हणतो.

हे सर्व लिहिले की वाचकांस वाटेल, आता समाजसुधारणेचे प्रवचन सुरू होणार. तसा हेतू नाही. मला बोलावयाचे आहे ते त्या खोलीत घडणाऱ्या कलेविषयी. कारण या विषम मांडणीवर त्या बायकांनी कलेतूनच एक तोड काढली आहे, आणि आमच्या नाट्यसमीक्षेने तिची दखल घेतलेली मला तरी आढळली नाही.

आमच्यापुढे जी बाई गावयास बसली ती साठीच्या घरातली असावी. आधी तिच्या पार्टीतल्या तरुण मुली सिनेमातल्या गाण्यांवर नाचून गेल्या होत्या. आजकाल पुष्कळ ठिकाणी तेवढेच मागितले जाते आणि तेवढेच मिळते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जुनी लावणी हवी असे वकीलसाहेबांनी म्हणताच त्या मुलींनी एकमेकींकडे पाहिले आणि आतून म्हातारीस बोलावून आणले. ती आली ती पानाचा डबा घेऊन, आणि बसली ती घरच्या ओसरीवर बसावी तशी. बालेघाटी लावणी तिने धरली. विरहाची, विलंबित चालीची ही लावणी. तिच्या नावाचा संबंध बालाघाटाशी लावण्याचा प्रघात आहे, आणि त्याच पठारावर बसून ती ऐकण्याचा योग मला आला.

एक ओळ तिने सहा-सात वेळा म्हटली असेल. पहिल्या खेपेस ती ओळ दूरदेशी गेलेल्या धन्यास उद्देशून होती. दुसऱ्या खेपेस शेजारी बसलेल्या सखीस. तिसऱ्या खेपेस समोर कोणीच नव्हते. ती स्वतःशीच बोलत होती, आणि आपण तेथे असणे हाच अपराध आहे असे मला वाटू लागले. चौथ्या खेपेस त्याच शब्दांतून तिने धन्याची अशी काही टर उडवली की पेटीवालाही हसला. उठणे नाही, हातवारे नाहीत. भुवई, ओठाचा कोपरा, करंगळीच्या शेजारच्या बोटातली अंगठी फिरवणे, बस. सत्यभामाबाई पंढरपूरकर आणि यमुनाबाई वाईकर यांची कीर्ती या बसून करावयाच्या अदाकारीवरच उभी होती. यमुनाबाईंना 2012 साली पद्मश्री मिळाली तेव्हा वर्तमानपत्रांनी लावणी ‘नाचणारी’ असा त्यांचा उल्लेख केला असता तर ती चूकच ठरली असती. पंढरपुरास रुक्मिणीच्या सेवेकरी घराण्यातील ज्ञानोबा उत्पात यांनी ही बैठकीची लावणी जोपासली व शिकवली, हे पाहता ती केवळ थिएटराची मिरास आहे असेही म्हणता येत नाही.

गाणे संपल्यावर वकीलसाहेबांनी, न राहवून, त्या बाईस विचारले, की हे दुःख तुमच्या स्वतःच्या आयुष्यातले आहे काय? प्रश्न सहानुभूतीचा होता, पण मला तो आवडला नाही. बाईने चुना तंबाखूवर चोळीत किंचित हसून, कोणती ओळ पुन्हा म्हणू, असे उलट विचारले. ढोलकीवाल्याने ताबडतोब ठेका धरला. उत्तर मिळाले होते, पण ते वकीलसाहेबांस कळावयास थोडा वेळ लागला.

आता लावणीच्या रचनेकडे पाहा. तिच्यातली स्त्री सदा ‘मी’ म्हणून बोलते; आपल्या शेजेची, रुसव्याची, तगमगीची कबुली देते. परंतु हा ‘मी’ लिहिला कोणी? रामजोशी, अनंतफंदी, होनाजी बाळा, प्रभाकर, सगनभाऊ, परशराम, सारे पुरुष. स्त्री एकांतात काय बोलत असेल ते पुरुषांनी कल्पिले, आणि ते पुरुषांच्या सभेत स्त्रीच्या तोंडून वदविले. या लावण्यांत बहुधा ती सखीशी बोलते किंवा परगावी असलेल्या प्रियकराशी. सभेशी ती बोलतच नाही. म्हणजे ऐकणारा हा रचनेनेच दाराआड उभा केलेला असतो; दुसऱ्याचे बोलणे चोरून ऐकल्याची गोडी त्याला मिळावी, अशी ही योजना आहे. दुसऱ्याच्या घरात डोकावण्याच्या वृत्तीला इतके कुशल काव्यशास्त्र फार थोड्या भाषांनी दिले असेल.

मात्र अदाकारी या योजनेत एक पाचर मारते. एकाच ओळीचे सात अर्थ जी दाखवते, तिचा स्वतःचा अर्थ कोणता, हे प्रेक्षकास कधीच सांगता येत नाही. कबुली इतक्या परींनी दिली जाते की ती कबुली राहत नाही. तिसऱ्या खेपेस ती एकटी वाटली; परंतु चौथ्या खेपेस तिने ज्या सहजतेने तो भाव पुसून टाकला, त्यावरून तिसराही तिने निवडलेलाच होता हे उघड झाले. दार, पडदा, भिंत यांतले काहीच जिला लाभलेले नाही तिने चेहऱ्याचाच पडदा केला आहे. हा पडदा लपवण्यासाठी आहे असे प्रेक्षकास वाटतही नाही, कारण त्यावर सतत काहीतरी दिसत असते.

या दृष्टीने पाहिले म्हणजे आपल्या शिक्षित वर्गाने या बायकांस ‘बोलते करण्याचे’ जे प्रयत्न गेल्या साठ-पासष्ट वर्षांत केले, त्यांचा विचार थोडा निराळ्या तऱ्हेने करावा लागतो. तमाशाप्रधान ‘सांगत्ये ऐका’ हा अनंत माने यांचा चित्रपट 1959 साली आला आणि अफाट चालला. त्यातील नायिका हंसा वाडकर यांनी आपले आयुष्य अरुण साधू यांना सांगितले, आणि 1970 साली ते पुस्तकरूपाने निघाले ते चित्रपटाच्याच नावाने. त्या पुस्तकाचे मोल मी कमी लेखीत नाही. दारू, घर सोडणे, परत येणे, अपमान, हे सारे ज्या कोरडेपणाने त्यात सांगितले आहे तो कोरडेपणा मराठी आत्मचरित्रात दुर्मिळ आहे. तथापि ते आपण कसे वाचले? घराघरांतून ते वाचले गेले, क्वचित पांघरुणात लपवूनही वाचले गेले असेल, आणि वाचून झाल्यावर हंसाबाईंच्या वर्तनावर मत देण्याचा अधिकार आपल्यास प्राप्त झाला असे पुष्कळांनी मानले. सांगणारीने सर्व सांगितले. ऐकणाऱ्यांपैकी कोणी काही सांगितले नाही. 1977 साली श्याम बेनेगल यांनी त्यावरून ‘भूमिका’ काढला. पुस्तकात जे सांगून टाकले होते ते त्या चित्रपटात स्मिता पाटील यांनी पुष्कळ वेळा न बोलता राखून ठेवले आहे. मला त्या अभिनयाचे बल त्यातच दिसते.

किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (1994) हे पुस्तक आणखी अवघड प्रश्न उभा करते. नाचणाऱ्या आईचा मुलगा डॉक्टर होतो आणि आपली कहाणी लिहितो. आपल्या नावात बापाच्या जागी आईचे नाव लावण्याचे धैर्य त्याने केले. मूल म्हणून जे सोसले ते सांगण्याचा त्याचा हक्क निर्विवाद आहे. परंतु त्याची कहाणी सांगताना आईची, मावश्यांची कहाणीही उघड्यावर येते, आणि त्यांस कोणी विचारले होते काय, हे पुस्तक मिटल्यावरही मनातून जात नाही. मुलाच्या दुःखाने लिहिलेल्या ओळीमागे आईची अब्रू उभी असते. याचा निवाडा करावयास मी धजत नाही. असा निवाडा करणाऱ्यांविषयी मला संशय येतो, इतकेच म्हणतो.

रंगभूमीवर हा प्रश्न ज्यांनी नीट ओळखला त्यांत विजय तेंडुलकर पहिले. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक 1967 च्या डिसेंबरात रंगायनने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली केले. बेणारे झाल्या होत्या सुलभा देशपांडे. हौशी नटमंडळी वेळ घालवण्यासाठी खोट्या खटल्याचा खेळ मांडतात, आणि खेळता खेळता एका अविवाहित शिक्षिकेचे खासगी आयुष्य पिंजऱ्यात ओढून आणतात. शेवटी तिला बोलावयास अवधी मिळतो; ती दीर्घ स्वगत बोलते, आणि त्या वेळी रंगमंचावरील सारी पात्रे थिजलेली असतात. ज्यांनी कबुली मागितली त्यांच्या कानी ती पडतच नाही. ती आपल्यास ऐकू येते. या योजनेचे मर्म लोक बहुधा बेणारेच्या वेदनेत शोधतात. मला ते काशीकर, सुखात्मे, पोंक्षे या मंडळींत दिसते. तिची गुपिते बाहेर काढताना ही माणसे स्वतः उघडी पडत जातात. त्यांचे वांझपण, त्यांची असूया, त्यांची भीती आपण तिच्याआधी पाहिलेली असते. खटल्याचे आरोपपत्र तिच्यावर, पण कबुलीजबाब त्यांचा, असा तो व्यूह आहे. आणि त्या व्यूहात आसनावर बसलेला प्रेक्षकही येतो, कारण पुढे काय निघते याची उत्सुकता त्यालाही लागलेली असते.

दूरच्या देशांतही कलावंतांनी हा प्रयोग करून पाहिला आहे, तो येथे एका उदाहरणापुरता घेतो. 1974 साली इटलीतील नेपल्स शहरी मरीना अब्रामोविच या युगोस्लाव कलावंतिणीने एका मेजावर 72 वस्तू मांडल्या; त्यांत गुलाब होते, कात्री होती, पिस्तूल व गोळीही होती. सहा तास आपण निश्चल उभ्या राहू, आलेल्यांनी या वस्तूंचा आपल्यावर वाटेल तसा उपयोग करावा, असे तिने जाहीर केले. आरंभी लोक संकोचले. मग त्यांनी तिची वस्त्रे कापली, तिला जखमा केल्या, एकाने पिस्तूल तिच्यावर रोखले. वेळ संपल्यावर ती हलली आणि लोकांच्या दिशेने चालू लागली, तेव्हा ते निघून गेले. तिच्या नजरेस नजर देणे त्यांस जमले नाही. त्या प्रयोगात तिने स्वतःविषयी एक शब्दही सांगितला नाही. सांगितले ते इतरांनी, आपल्या हातांनी.

आमच्याकडे असा प्रयोग कलादालनात कोणी केला नसला तरी तंबूच्या कनातीमागे तो घडलेला आहे. विठाबाई नारायणगावकर यांच्याविषयी एक हकीकत महाराष्ट्रभर सांगतात: तमाशा चालू असताना त्यांना कळा सुरू झाल्या, त्या आत गेल्या, प्रसूत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर येऊन उभ्या राहिल्या. या हकीकतीवर आपण कलानिष्ठेचा शिक्का मारून टाळ्या वाजवतो. बाईच्या आयुष्यातली सर्वांत खासगी घटना प्रेक्षकांपासून हाकेच्या अंतरावर, एका कापडाआड घडली. आणि ती होईपर्यंत प्रेक्षक पुढच्या गाण्याची वाट पाहत बसले होते, हा तिचा दुसरा अर्धा भाग आहे. तो सांगताना कोणी आढळत नाही. विठाबाईंच्या नावाने राज्य सरकार दरवर्षी जीवनगौरव पुरस्कार देते.

भूषण कोरगावकर यांनी ‘संगीत बारी’ हे पुस्तक 2014 साली लिहिले आणि त्यानंतर सावित्री मेधातुल यांच्यासह त्याच नावाचा रंगमंचीय प्रयोग बसवला. थिएटरातल्या खऱ्या कलावंतिणी शहरातल्या नाट्यगृहात येऊन लावण्या सादर करतात, आणि मधून मधून त्यांच्या जगाची माहिती निवेदनातून दिली जाते. या प्रयोगाविषयी माझ्या मनात आरंभी किंतु होता. बारीच्या खोलीत जे पाहावयास आपण लाजतो ते तिकीट काढून, सहकुटुंब, वातानुकूलित सभागृहात पाहणे म्हणजे डोकावण्याचीच अधिक सभ्य खिडकी नव्हे काय? निवेदनाचा काही भाग अजूनही मला त्या बाजूला झुकणारा वाटतो. बायकांच्या चालीरीती, मालक ठेवण्याची पद्धत, पैशांचे व्यवहार यांचे वर्णन ऐकताना सभागृहात जी शांतता पसरते ती सर्वस्वी आदराची नसते.

पण शकुंतलाबाई नगरकर गावयास आल्या म्हणजे हा किंतु मागे पडतो. त्या प्रेक्षकांस सोडीत नाहीत. पुढच्या रांगेतल्या कोणाला तरी नजरेने पकडतात, ओळ त्याच्यावर टाकतात, त्याची फिरकी घेतात, आणि त्याच्या शेजारी बसलेल्या त्याच्या पत्नीस आपल्या बाजूला वळवून घेतात. दिवे त्यांच्यावर असतात, पण अवघे सभागृह त्या गृहस्थाकडे पाहत असते. सभ्य माणूस लाजतो, हसतो, रुमाल काढतो. आपण पाहावयास आलो आणि पाहिले जात आहोत, हे ज्या क्षणी त्याच्या ध्यानी येते तो क्षण या प्रयोगाचा प्राण आहे. सुषमा देशपांडे यांच्या ‘तिच्या आईची गोष्ट, अर्थात माझ्या आठवणींचा फड’ या एकपात्री प्रयोगात तमासगिरीण आपली कहाणी सांगते. त्यात कबुलीचा भाग मोठा आहे आणि अभिनय जिवंत आहे. तरीही शकुंतलाबाईंच्या एका भुवईने प्रेक्षकाकडून जे वसूल केले जाते ते कहाणीने होत नाही, असे माझे मत आहे. कहाणी ऐकून आपण रडतो आणि रडल्यामुळे आपण चांगले आहोत असे वाटून घरी जातो.

कबुलीची कला पारखावयाची झाली तर मी स्वतःपुरता एवढाच प्रश्न विचारू लागलो आहे: येथे पाहणाऱ्यालाही काही द्यावे लागते काय? तो दारात उभा राहून फुकट पाहत असेल, आणि पैसे दिले म्हणजे फुकट नव्हे अशी त्याची समजूत असेल, तर सांगणारीने कितीही धैर्याने सांगितले असो, त्या कलेने जुनीच मांडणी नव्याने मांडली.

या प्रश्नाला आता एका यंत्राने फारच निकड आणली आहे. पूर्वी बैठकीतले जे बाहेर जाई ते पाहणाऱ्याच्या आठवणीतून. आणि आठवण सांगावयाची तर आपण तेथे गेलो होतो हेही सांगावे लागे. म्हणजे तिचे उघड करताना त्याचेही थोडे उघड होई. खिशातल्या फोनने हा तोल मोडला. चित्रण करणारा चित्रात नसतो. 2023 च्या फेब्रुवारीत एका लोकप्रिय नर्तकीचे, ती कपडे बदलत असताना चोरून घेतलेले चित्रण पसरविण्यात आले आणि पुण्यात त्याचा गुन्हा नोंदला गेला. तिचे नाव वाचकांस ठाऊक असेल. मी ते लिहीत नाही. त्या वेळी काही शहाण्या लोकांनी असेही म्हटले, की जी हजारोंपुढे नाचते तिला कसले आले खासगी! या एका वाक्यात सगळा खटला आहे. जे दाखवले ते तिचे होते म्हणून तिने दाखवले. उरलेले आपल्या मालकीचे आहे, असा याचा अर्थ होतो.

कायद्याने या बाबतीत थोडी वाट चालली आहे. स्त्रीचे चोरून निरीक्षण अथवा चित्रण करणे हा गुन्हा 2013 साली दंडसंहितेत आला, आणि नव्या न्याय संहितेत तो 77 व्या कलमात कायम आहे. चित्रणास संमती दिली पण प्रसारास दिली नाही, तरी प्रसार गुन्हाच, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. परंतु कायद्याचे ‘खासगी कृत्य’ देहापुरते आहे. लोटलेल्या दाराआड एका म्हातारीने चौघांसाठी दाखवलेला तिसऱ्या खेपेचा चेहरा त्या व्याख्येत कोठे बसणार? डान्स बारच्या खटल्यात 17 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाचाच्या जागी कॅमेरे लावण्याची सक्ती खासगीपणावरील आक्रमण म्हणून रद्द केली. सरकारचा कॅमेरा निघाला, हे ठीकच झाले. गिऱ्हाइकाच्या हातातला निघाला नाही.

त्या रात्री वकीलसाहेबांचा पुतण्याही आमच्याबरोबर होता. कॉलेजात शिकणारा, सुस्वभावी मुलगा. बालेघाटी संपून बाईने छक्कड धरली तेव्हा त्याने फोन वर केला. लपवून नव्हे, अगदी उघड. आजकाल देवळातल्या आरतीपुढेही तो तसाच वर होतो. बाईने गाणे थांबवले नाही. तिने त्याला एक शब्द म्हटला नाही. सूर तोच, ठेका तोच, शब्द स्पष्ट. मात्र तिच्या चेहऱ्यावरून सर्व काही निघून गेले. मोटारीची वाट पाहत बसलेली एखादी म्हातारी असते तशी ती बसली आणि गात राहिली. फोनमध्ये काय उतरत होते ते मला शेजारून दिसत होते: पत्र्याची भिंत, पानाचा डबा आणि एक वृद्ध बाई. मुलाने दोन-तीनदा फोन पुढे-मागे करून पाहिला. यंत्र बिघडले असावे, असा त्याचा पहिला समज झाला. मग त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिले, आणि फोन हळूच मांडीखाली ठेवला. कडवे संपेपर्यंत ती तशीच होती. पुढच्या कडव्याच्या पहिल्या ओळीला तिने भुवई उचलली, आणि ती ओळ त्याच्यावरच टाकली. मुलगा कानापर्यंत लाल झाला. ढोलकीवाल्याने जोराची थाप दिली.

मध्यरात्र उलटल्यावर आम्ही निघालो. येरमाळ्याच्या टेकडीवर अजून दिवे होते, आणि रस्त्याने यात्रेकरूंच्या गाड्या चालल्या होत्या. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचलो तेव्हा घरातील मंडळींनी विचारले, इतका उशीर कसा झाला? गर्दी फार होती, असे मी सांगितले.